मांडवा ते रेडी, किनाऱ्याने सायकल: टप्पे, जंगलजेटी, गिअर आणि सामान

उनाडवारा:

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मांडव्याला उतरून किनाऱ्या-किनाऱ्याने, गोव्याच्या सीमेजवळच्या रेडीपर्यंत सायकलने जायचं ठरतंय. दोघं आहोत, वयं पंचेचाळीसच्या मागेपुढे. हाताशी दहा दिवस. गाडीने कोकणात गेलं की खाडी ओलांडली जाते, पण बघायची राहते. सायकलचा हट्ट त्यासाठीच.

सायकली हायब्रिड आहेत. टायर ७०० बाय ३५, पुढे ४८-३८-२८ दात्यांची तीन चक्रं, मागे सात गिअरचं १४-२८ चं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा दात्यांच्या चक्रांचा संच), वायरवर चालणारे डिस्क ब्रेक. सपाटीवर दिवसाला ८० किलोमीटर त्रास न होता जमतात. जाणकारांकडून हे हवंय:

टप्पे कसे पाडावेत? खाड्या कुठे बोटीने आणि कुठे पुलाने? आहेत ते गिअर पुरतील का? सामान किती आणि सुटे भाग कोणते? आणि परतीला सायकली कशा आणायच्या?

मुक्कामाच्या गावांची यादी नेटवर ढीगभर मिळते, ती नको. कुठे काय बिघडतं आणि का, ते सांगा.


खाडीकाठ:

पहिली दुरुस्ती तुमच्या ८० किलोमीटरला. हा किनारा सपाट नाही. नकाशात समुद्राला चिकटलेली रेघ दिसते, पण रस्ता गावातून सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) चढतो, सड्यावरून पुढच्या खाडीला उतरतो, खाडी ओलांडली की पुन्हा चढतो. चढ एका वेळी शंभर-दीडशे मीटरचाच, पण दिवसातून पाच-सहा वेळा. ६० किलोमीटरच्या टप्प्यात हजार मीटरच्या आसपास चढ सहज जमा होतो, आणि तोही मोठ्या घाटासारखा एकलयीत नाही. पाय तापले की उतार, गार पडले की चढ. म्हणून दिवसाचं गणित किलोमीटरवर मांडू नका. किती खाड्या आणि किती सडे, असं मांडा. सामानासह ५५ ते ६५ किलोमीटर म्हणजे भरलेला दिवस.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, त्यात सायकल चढते. तिथून पुढे असे टप्पे पडतात, अंतरं ढोबळ धरा.

पहिला दिवस मांडवा-अलिबाग-रेवदंडा-मुरुड, सत्तरच्या आसपास. कुंडलिका नदीवर पूल आहे. हा सगळ्यांत सोपा दिवस, त्यावरून पुढच्यांचा अंदाज बांधू नका. दुसऱ्या दिवशी मुरुडहून आगरदांडा, जंगलजेटीने (माणसं आणि गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीने) दिघी, मग दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. दिवेआगर ते श्रीवर्धन मधल्या फाट्याने जाऊ नका, शेखाडी-आरावीवरूनच जा. अख्ख्या वाटेवर रस्ता समुद्राच्या इतका कुशीत पुन्हा फार थोड्या ठिकाणी येतो.

तिसरा दिवस बागमांडला-वेश्वी जंगलजेटीने सावित्री ओलांडून केळशी, आंजर्ले, हर्णै. हा दिवस कागदावर छोटा आणि प्रत्यक्षात जड. केळशीआधी भारजा नदी आडवी येते, त्यामुळे नेहमीचा रस्ता किनारा सोडून आत डोंगरात शिरतो. केळशीपुढे आडे-पाडले-आंजर्ले मात्र सुरेख. चौथा दिवस हर्णै, दापोलीकडचं मुरुड (पहिल्या दिवशीचं नव्हे), कर्दे, लाडघर, दाभोळ, जंगलजेटीने धोपावे, गुहागर. दापोलीत वर चढायची गरज नाही. पाचवा गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, जंगलजेटीने जयगड, मालगुंड, गणपतीपुळे. जयगडला बंदराचे अवजड ट्रक असतात. ते निवळीकडे वळले की रस्ता तुमचा.

सहाव्या दिवशी आरे-वारेवरून रत्नागिरी, भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, मुचकुंदीच्या पुलावरून गावखडी, कशेळी. सातवा आडिवरे, नाटे, जैतापूरचा पूल, मग वाघोटण खाडीला आतून वळसा घालून पडेलवरून देवगड. आठवा तारामुंबरी-मिठमुंबरी पुलाने कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, मालवण. नववा चौके, नेरूरपारचा पूल, परुळे, म्हापण, वेंगुर्ला. दहावा मोचेमाड, शिरोडा, रेडी. म्हणजे चार जंगलजेट्या, बाकी पूल. विसाव्याचा दिवस यात नाही, आणि तो हवाच. तेव्हा एक तर अकरा दिवस काढा, नाहीतर मालवणला थांबा. मालवणहून कुडाळ स्टेशन जवळ पडतं. दहा दिवसांत रेडी गाठायचीच म्हणून रोज दमून पोचण्यात काही पाहणं होत नाही.

आता जंगलजेटीबद्दल, कारण टप्पे खरे तीच ठरवते. शेवटची फेरी चुकली तर काय, हे आधी माहीत हवं. बागमांडल्याला पर्याय वर आंबेतच्या पुलाचा, पण तो पूल दुरुस्तीसाठी पूर्वी बंद राहिलेला आहे, तेव्हा चालू आहे का ते विचारून निघा. तवसाळला पर्याय आबलोलीवरून भातगावच्या पुलाने जाकादेवी. दाभोळला जवळचा पर्यायच नाही, चिपळूणवरून फिरून जायचं म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटर. त्यामुळे दाभोळचा धक्का दुपारी तीनच्या आत गाठायचा असा नेम ठेवा. दोन फेऱ्यांमध्ये पाऊण-एक तासही जातो. वेळा ऋतूप्रमाणे आणि पर्यटकांच्या गर्दीप्रमाणे बदलतात, तेव्हा आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या यजमानांकडून खात्री करून घ्या. सुटे पैसे रोख ठेवा.

बोटीवर चढताना गाड्या आधी जाऊ द्या. सायकल हातात धरून चाला, बसून नको. पूर्ण ओहोटीला पाणी खाली जातं आणि धक्क्याच्या उतरणीचा एरवी पाण्याखाली असणारा भाग उघडा पडतो. तिथे हिरवं शेवाळ असतं. वरून पाहिलं तर नुसतं ओलं काँक्रीट वाटतं, पाय ठेवला की तेलावर ठेवल्यासारखा सरकतो. मागे दहा किलो सामान असलेली सायकल तिथे ब्रेकने थांबत नाही, चाक बंद होऊन तशीच घसरते. त्यामुळे उतरणीच्या कडेने न जाता मधोमध, गाड्यांच्या चाकांनी घासून साफ झालेल्या पट्ट्यातून चाला. सायकल उताराच्या बाजूला आणि तुम्ही वरच्या बाजूला असं धरा.

ही ओहोटी कधी, ते पंचांगावरून कळतं. तिथीला पाऊणने गुणा, येईल तो आकडा भरतीचा. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशोब ढोबळ आहे आणि दक्षिणेला जाल तशी वेळ थोडी अलीकडे येते, पण धक्क्यावर किंवा पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) जायचं ठरवायला पुरतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. तेव्हा पूर्ण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पडते, म्हणजे नेमकी शेवटच्या फेऱ्यांच्या वेळेला शेवाळ उघडं.

हेच गणित अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला. चालत जाता येतं ते ओहोटीला. अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी असते खरी, पण ती भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट, लहान. पाणी पूर्ण हटत नाही. तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय उतरू नका आणि परतीची वेळ आत जाण्याआधी ठरवा.

दिशा तुम्ही बरोबर निवडली आहे. हिवाळ्यात दुपारनंतर खारे वारे वायव्येकडून येतात, उत्तरेकडून दक्षिणेला जाताना ते पाठीशी राहतात. उलट दिशेने रेडीहून निघणाऱ्याला मोकळ्या सड्यावर रोज दुपारी हाच वारा तोंडावर घ्यावा लागतो.

आणखी एक. रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर पुलांची कामं निघाली आहेत. धक्क्याजवळचे रस्ते वळवलेले, खणलेले असू शकतात. नकाशाच्या अ‍ॅपपेक्षा धक्क्यावरच्या टपरीवाल्याचं ऐका.


चेन_आणि_चिरा:

गिअरबद्दल. १४-२८ पुरणार नाही. कारण आकड्यांत बघा.

तुमचा सगळ्यात हलका गिअर पुढे २८, मागे २८, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा, सुमारे २.१७ मीटर. गुडघ्यांना बरा असा मिनिटाला ६० फेऱ्यांचा वेग ठेवायचा तर ताशी ७.८ किलोमीटरने चढायला हवं. माणूस, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरले आणि चढ ८ टक्क्यांचा धरला, तर त्याला १८० वॉटच्या पुढे ताकद लागते. ती दहा मिनिटं निघेल, दिवसातून सहा वेळा आणि ओळीने दहा दिवस नाही. मग माणूस काय करतो, तर फेरे ४० वर आणतो आणि जोर लावून रेटतो. तिथून गुडघ्याच्या वाटीमागचं दुखणं सुरू होतं, साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी.

उपाय स्वस्त आहे. सात गिअरचं १४-३४ चं फ्रीव्हील मिळतं. तेवढ्याच ६० फेऱ्यांत ताशी ६.४ किलोमीटरने चढता येतं आणि ताकद १५० वॉटच्या आसपास लागते. हा फरक पायांना पहिल्याच सड्यावर कळतो. बदलताना तीन गोष्टी बघा. एक, मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ३४ दात्यांपर्यंत चालणारा आहे का. शिमानोच्या टुर्नी मालिकेतला, लांब पिंजऱ्याचा असेल तर चालतो. दोन, चेनची लांबी. पुढे ४८ आणि मागे ३४ अशी सर्वांत मोठी जोडी धरून, डिरेलर वगळून चेन गुंडाळा आणि त्यावर दोन कड्या जास्त ठेवा. जुनी चेन आखूड पडेल, नवीनच घ्या. आखूड चेनवर चुकून ही जोडी पडली तर डिरेलर ओढला जाऊन मुडपतो आणि सहल तिथे संपते. तीन, डिरेलरच्या मागचा छोटा बी-स्क्रू आत फिरवा, नाहीतर डिरेलरमधली वरची गिरकी (छोटं दातेरी चाक) ३४ च्या चक्राला घासत राहते. या फ्रीव्हीलमध्ये २४ वरून एकदम ३४ अशी उडी आहे. तेव्हा चढ सुरू होण्याआधी गिअर टाका, चढावर जोर देताना टाकू नका. हे काम निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी करा आणि एखाद्या खऱ्या चढावर सामानासकट तपासा.

टायरचा दाब. माणूस ७५ किलो आणि मागे दहा किलो सामान असेल तर मागे ६० ते ६५, पुढे ५० ते ५५ पीएसआय. कच्च्या, जांभ्याच्या खडीच्या रस्त्यावर पाच-सात कमी करा. फार कमी केलं तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडीची भोकं दिसली की काटा शोधत बसू नका, दाब वाढवा.

गावातल्या पंक्चरवाल्याकडे हवा भरताना सांभाळा. त्याच्या मशीनचं तोंड मोटरसायकलच्या जाड वॉल्वचं असतं. तुमचा वॉल्व बारीक, प्रेस्टा असेल तर पितळी अडॅप्टर जवळ हवा. पाच-दहा रुपयांएवढी वस्तू, पण नसली की गावभर हवा असून उपयोग नाही. आणि सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते थोडी, मशीन ती दोन सेकंदांत फोडू शकतं. थोडी-थोडी भरा, शेवटचा दाब आपल्या हातपंपाने आणा.

सुटे भाग दोघांत मिळून: ट्यूब चार, पॅचचा डबा एक, रबर सोल्यूशनच्या न फोडलेल्या दोन ट्यूबा (एकदा उघडलेली उन्हात आठवड्यात सुकते), टायर लिव्हर तीन, चेनच्या दोन क्विक लिंक, चेन तोडायचं हत्यार, एक ब्रेकची आणि एक गिअरची वायर, प्रत्येक सायकलच्या मापाचे तीन-तीन स्पोक, डिस्कच्या पॅडच्या दोन जोड्या, ४-५-६ च्या अ‍ॅलन चाव्या, १५ चा पाना, एम-५ चे सहा बोल्ट, झिपटाय दहा, इन्सुलेशन टेप.

एम-५ चे बोल्ट मुद्दाम लिहिले. कॅरियर ज्या बोल्टांनी फ्रेमला लागतो ते खराब रस्त्यावर हळूहळू ढिले होतात, आणि ढिला बोल्ट कॅरियरच्या हिसक्यांनी आतच तुटतो. मग तुटका तुकडा फ्रेमच्या आट्यांमध्ये अडकतो आणि तो काढायला ड्रिल लागतं. लावताना आट्यांना निळा थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ न देणारा द्रव) लावा आणि रोज रात्री चाव्या फिरवून बघा. दोन मिनिटांचं काम.

स्पोक तुटतो तो बहुधा मागच्या चाकाचा, फ्रीव्हीलच्या बाजूचा. त्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात आणि सामानाचा भारही तिथेच. आणि बसवायला फ्रीव्हील काढावं लागतं, त्याचा पुलर घेतल्याशिवाय सुटा स्पोक नुसता मिरवायचा. पुलर छोटा आहे, मोठा पाना गॅरेजमध्ये मिळतो. तोवर शेजारच्या दोन स्पोकांचे निपल (रिमजवळचे छोटे नट) अर्धा-अर्धा फेरा सैल करा, चाक डुलणं कमी होतं.

चेनचं तेल. पातळ, कोरडं राहणारं तेल वापरा. जाड तेलाला जांभ्याची लाल धूळ चिकटते, तिचा लगदा होतो आणि तो दात्यांना कानशीसारखा खातो. प्रत्येक कडीच्या रुळावर एक थेंब, दहा मिनिटं थांबा, मग फडक्याने बाहेरचं सगळं पुसून टाका. तेल रुळाच्या आत हवं, बाहेर दिसायला नको.


आगरातली_विहीर:

खाणं-पाणी-ऊन. डिसेंबर असला तरी सड्यावर अकरानंतर सावली नाही. जांभा तापतो आणि खालून झळ मारतो. सहा-सव्वासहाला निघून अकरापर्यंत दोन-तृतीयांश अंतर उरका, साडेतीनपर्यंत थांबा, उरलेलं संध्याकाळी. सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि गावाबाहेर दिवे नाहीत. तेव्हा संध्याकाळचा तुकडा पंधरा-वीस किलोमीटरच्या वर नको.

पाणी तासाला ६०० ते ७०० मिलिलिटर, जवळ माणशी तीन लिटर. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तो किती गेला हे कळत नाही. नुसतं पाणी पीत राहिलं तर मीठ कमी पडून डोकं जड होतं, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात. ओआरएसचं २१ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, सकाळी एक, दुपारी एक. अर्ध्या लिटरात पाकीट घालू नका, दाट द्रावणाने पोट बिघडतं. टपरीवर कोकम सरबत मिळालं तर मीठ घालून मागा, ते उत्तम चालतं. शहाळं छान, पण त्यात सोडियम कमी. ओआरएसच्या जागी ते धरू नका.

दुपारी एक ते चार गावं झोपलेली असतात, दुकानंही बंद. बाराच्या आत केळी, शेंगदाण्याची चिक्की, पाणी भरून घ्या. घरगुती खानावळीत अचानक जाऊन जेवण मिळेल असं धरू नका. माणसं किती आणि मासे की शाकाहारी, हे सकाळी दहाच्या आत फोनवर सांगा. त्यांना बाजार करायचा असतो, आणि सांगून गेलेल्या माणसाला जे ताट मिळतं त्याची चव वेगळी. न्याहारीला घावणे किंवा आंबोळ्या मागा. मिसळ-पाव खाऊन सडा चढताना घशाशी येतं.

नारळाच्या आगरातून रस्ता जातो तिथे झाडाखाली सायकल लावू नका आणि बसूही नका. सुकलेली झापं आणि नारळ न सांगता पडतात.

आणि सहाव्या दिवशी कशेळीला घाई नको. कनकादित्याचं देऊळ तिथे आहेच, पण सड्यावरचं कातळशिल्प चुकवू नका. जांभ्यात कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब, १३ मीटर रुंद, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी, मासे, पक्षी. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, त्यात कशेळी आहे. रेघा फार खोल नाहीत. भर दुपारी उभ्या उन्हात सगळा कातळ एकसारखा काळपट दिसतो आणि हत्ती समोर असून दिसत नाही. सकाळी आठच्या आत किंवा पाचनंतर ऊन तिरपं असतं, तेव्हा प्रत्येक खाचेच्या एका काठाला सावली धरते आणि सोंडेपासून पाठीपर्यंतची रेघ एका दमात डोळ्यांत येते. खाचांवर पाय ठेवू नका, सायकल लांब उभी करा.


उनाडवारा:

सगळ्यांचे आभार. फ्रीव्हील बदलतो. अकरा दिवसांची रजा मागतो, नाही मिळाली तर मालवणहून परत. दोन शंका उरल्या. पाठीवर सॅक घेऊन कॅरियरचा भार कमी केला तर? आणि परतीची रेल्वे?


खाडीकाठ:

पाठीवर काही नको. पाच किलोची सॅकही तासाभरात पाठ घामाने भिजवते, मनगटांवर भार टाकते आणि चढावर पुढे वाकलं की मानेशी ओढ लागते. सगळं पॅनियरमध्ये (कॅरियरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्यांत), माणशी ८ ते १० किलोच्या आत. जड वस्तू तळाशी आणि चाकाच्या आसाजवळ, दोन्ही बाजूंचं वजन सारखं. थोडं हँडलच्या पिशवीत पुढे घ्या, म्हणजे उभ्या चढावर पुढचं चाक हलकं होऊन भरकटत नाही. कपडे सायकलचे दोन जोड, मुक्कामाचा एक, बस. रोज धुवा. डिसेंबरात रात्रीत वाळतात, न वाळलेले पॅनियरवर टाका.

चेन_आणि_चिरा यांच्या तेलाच्या सल्ल्यात थोडी भर. कोरडं तेल धुळीला बरोबर, पण ते पाण्याने लगेच जातं. जंगलजेटीवर फवारा बसला किंवा पुळणीवरून सायकल नेली, की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने चेन, डिरेलर, ब्रेकच्या वायरीची टोकं धुवायची, पुसायची, पुन्हा तेल. दुसऱ्या दिवसावर टाकलं तर सकाळी चेनवर तांबूस गंज दिसतो आणि कड्या अडकायला लागतात. ओहोटीला ओल्या वाळूवरून सायकल पळवायचा मोह सगळ्यांना होतो, वाळू घट्ट असते, चाक रुतत नाही. पण चाकांनी उडवलेलं खारं पाणी थेट बेअरिंगवर जातं आणि ते धुऊन निघत नाही. पुळणीवर चालत जा.


चेन_आणि_चिरा:

बरोबर, धुण्याचं राहिलं होतं. फक्त गाड्या धुवायच्या जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका, तो ग्रीस बाहेर काढून पाणी आत घालतो. बादली आणि तांब्या पुरे.

उताराबद्दलही लिहितो, कारण डिस्क ब्रेक आहेत म्हणून माणसं निर्धास्त होतात. धक्क्याकडे उतरणारे रस्ते अरुंद, वळणांवर बारीक खडी आणि सुरूच्या काड्या पसरलेल्या. वेग वळणाआधी कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका. पुढचं चाक खडीवर बंद पडलं तर सावरायला वेळच मिळत नाही. वायरीचे डिस्क पॅड झिजतात तसा लिव्हर हँडलच्या जवळ येतो. कॅलिपरवरची (पॅड बसतात त्या भागावरची) छोटी चकती एक-एक खटका फिरवून तो परत लांब आणा. चकती शेवटापर्यंत फिरली आणि तरीही लिव्हर आत जात असेल तर पॅड संपले, बदला.


रुळांवरून:

परतीचं सांगतो.

रेडीहून किंवा वेंगुर्ल्याहून सावंतवाडी रोड स्टेशन सायकलने गाठता येतं. ते गावापासून सात-आठ किलोमीटर लांब आहे, गावात पोचलं म्हणजे गाडी मिळाली असं नाही. कुडाळही पर्याय आहे.

रेल्वेत सायकल प्रवाशाच्या मोफत सामानात धरली जात नाही. दोन मार्ग. पहिला, लगेज म्हणून बुक करणं. तुमच्या तिकिटावर सायकल त्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये (सामानाच्या डब्यात) जाते. काउंटरवर 'पार्सल' म्हणू नका, 'लगेज' म्हणा. पार्सल तिकिटाशी बांधलेलं नसतं, जागा होईल त्या गाडीने जातं आणि तुम्ही घरी पोचल्यावर दोन दिवसांनी येऊ शकतं. तिकिटाची आणि ओळखपत्राची प्रत लागते. गाडीच्या दोन तास आधी पोचा. सायकलला पुढे आणि मागे पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा: नाव, पीएनआर, कुठून कुठे. लहान स्टेशनवर गाडी दोन-तीन मिनिटं थांबते आणि ब्रेकव्हॅन फलाटाच्या एका टोकाला येतो. तेवढ्यात सायकल न चढण्याचा धोका खरा आहे. म्हणून बुकिंगसाठी रत्नागिरी किंवा मडगावसारखं मोठं स्टेशन बरं. रेडीला संपवणार असाल तर मडगाव बघा, मालवणला संपवणार असाल तर आधी कुडाळला चौकशी करा. पोचल्यावर पावती दाखवून सायकल त्याच दिवशी सोडवा, उशिराला भाडं पडतं.

दुसरा मार्ग, सुटी करून पिशवीत भरून डब्यात घेणं. नियमाची बाजू वर सांगितली. तिकीट तपासनीस हरकत घेऊ शकतात आणि आकार मोठा म्हणून पैसेही लागू शकतात, ते धरूनच हा मार्ग निवडा. एसटीचं म्हणाल तर नव्या बांधणीच्या बऱ्याच गाड्यांना टपावर कॅरियरच नसतो, त्यावर विसंबू नका.

सुटी करताना क्रम असा. चेन पुढच्या लहान आणि मागच्या लहान चक्रावर आणा, म्हणजे चेन सैल पडते आणि मागचं चाक सहज निघतं. पायडल काढा. डावीकडच्या पायडलचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो, हे विसरून जोर लावला तर घट्टच बसतो. सीटच्या दांड्याला टेपची खूण करून तो खाली सरकवा. हँडल सैल करून फ्रेमला समांतर वळवा. दोन्ही चाकं काढून फ्रेमच्या दोन बाजूंना बांधा, डिस्कची बाजू आत, आणि डिस्क व फ्रेममध्ये जाड कापड. पुढच्या फोर्कच्या दोन टोकांमध्ये लाकडाचा तुकडा अडकवा, वर सामान पडलं तर टोकं आत दबतात आणि मग चाक बसत नाही. मागचा डिरेलर ज्या पातळ तुकड्यावर असतो तो मुडपू नये म्हणून त्यावर दुमडलेला टॉवेल बांधा.

तुमच्या वायरीच्या डिस्कला चाक काढल्यावर लिव्हर चुकून दाबला गेला तरी फारसं बिघडत नाही. तेलाच्या डिस्कचे पॅड मात्र एकमेकांना चिकटून बसतात आणि स्टेशनबाहेर चाक आत जात नाही. कधी तेलाचे ब्रेक घेतलेत तर चाक निघाल्याबरोबर पॅडच्या मध्ये चार पदरी पुठ्ठा सरकवा आणि लिव्हरवर रबरबँड न लावता मोकळाच ठेवा.